आजीची नाताळभेट : चार रविवारांचा गृहपाठ



डिसेंबर जवळ आला की आमच्या वसईकडे सकाळी केळीच्या वाड्यांवर दव दिसू लागतं. मोठी मुलं पडवीत बसून बांबूच्या काड्यांचे तारे बांधायला घेतात. लहान मुलं नाताळच्या गोठ्यासाठी माती, गवत आणि शंखशिंपले जमवत हिंडतात. माझ्या वर्गात नाताळ साजरा करणारी मुलं पुष्कळ आहेत. आणि ज्यांच्या घरी नाताळ नसतो, त्यांचेही मित्राकडे करंज्या खायला जायचे बेत आधीपासून ठरलेले असतात!

‘नाताळ’ हा शब्द कुठून आला, माहीत आहे का? तो आला पोर्तुगीज भाषेतून. ‘नाताल’ म्हणजे जन्माचा सण. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ला पडका झाला, पण शब्द मात्र आपल्या मराठीत राहिला तो राहिलाच.

तर या दिवसांत वर्गात मधल्या सुट्टीत एकच विषय असतो. कोणाला काय भेट द्यायची? धाकट्या भावाला बॅट. ताईला कानातले. बाबांना पाकीट. आईला डबा नाहीतर पर्स. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी. मग मी विचारलं, “आणि आजीला?”

वर्गातून एका सुरात उत्तर आलं, “शाल!”

“बरं, मागच्या वर्षी काय दिलं होतं?”

“शाल!”

मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, “बाई, माझ्या आजीच्या कपाटात सहा शाली आहेत. त्यातल्या चार अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहेत.” सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं. पण मग मी खडू घेतला आणि फळ्यावर पाच प्रश्न लिहिले.

१. आजी सकाळी उठल्यावर सर्वांत आधी काय करते?

२. पूर्वी करायची, पण हल्ली तिला जमत नाही, असं एक काम कोणतं?

३. ती तुमच्याएवढी होती तेव्हा कोणता खेळ खेळायची?

४. तिच्या हातचा कोणता पदार्थ आता घरात होत नाही?

५. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ती शेवटची कधी गेली होती? (ज्यांच्याकडे नाताळ नसतो त्यांनी लिहायचं : देवळात, जत्रेला किंवा माहेरी शेवटची कधी गेली होती?)

पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिणारं एकही मूल निघालं नाही. काहींना एक आलं, काहींना दोन. वाचणाऱ्या मुलांनो, तुम्हीही आत्ताच मनातल्या मनात सोडवून बघा. किती जमले? मुलं वाईट नसतात, आजीवर त्यांचं प्रेमही असतं. पण आजी रोज घरातच असते ना, म्हणून तिच्याकडे बघायचं राहून जातं. घड्याळ रोज भिंतीवर असतं, पण त्यावर आकडे मराठीत आहेत की इंग्रजीत, हे विचारलं की आपण गोंधळतो, तसंच हे.

आता मुद्द्याचं सांगते. वय वाढतं तशी आजीच्या हातून एकेक गोष्ट निसटत जाते. आधी सुईत दोरा ओवता येत नाही. मग वर्तमानपत्र दिसत नाही. मग करंज्या करायला बसली की मनगट दुखतं, म्हणून सून म्हणते, “राहू द्या आई, मी करते.” मग रात्रीचं बाहेर जाणं बंद होतं. प्रत्येक वेळी कारण योग्यच असतं. पण सगळी मिळून आजी आपल्याच घरात पाहुण्यासारखी होऊन बसते. म्हणून माझं म्हणणं एवढंच : निसटलेल्या गोष्टींतली एखादी जी भेट आजीला परत मिळवून देते, ती भेट खरी. मग ती दहा रुपयांची का असेना. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतात ना, तसं. मात्र पाकळी कोणत्या फुलाची, हे आपल्याला माहीत हवं.

येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडून ज्ञानी लोक भेटी घेऊन आले, ही गोष्ट बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी. गंमत म्हणजे ते लोक किती होते, हे मत्तयने लिहिलेलंच नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन, असं लोकांनी धरून घेतलं! त्या गोष्टीतला क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी आधी तारा पाहिला. मग यरुशलेमला येऊन विचारलं. आणि मग शेवटी भेट दिली. पाहिलं, विचारलं, दिलं. आपणही तसंच करू या.

नाताळच्या आधी चार रविवार येतात. ख्रिस्ती घरांत या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. चार रविवार म्हणजे आपल्याला चार कामं!

पहिला रविवार : बघा

या रविवारपासून आठ दिवस आजीकडे गुपचूप लक्ष ठेवायचं. एखाद्या गुप्तहेरासारखं! एक छोटी वही करा आणि त्यात चार पानं आखा : डोळे, कान, हात, पाय.

डोळे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं, म्हणून चष्मा लागतो. पुढे तेच भिंग पिवळसर होतं आणि बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. त्यामुळे विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे ज्या दिव्याखाली तुम्ही आरामात अभ्यास करता, तिथे आजीला संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. गडद निळा आणि काळा रंग तिला वेगळे ओळखता येत नाहीत. आजी वही किंवा पुस्तक खिडकीपाशी नेते का? मग लिहून ठेवा.

कान. वय वाढलं की बारीक, उंच आवाज ऐकू येणं आधी कमी होतं. आणि उंच आवाज कोणाचा असतो? तुमचा! म्हणून बाबांचं बोलणं आजीला कळतं आणि तुमचं कळत नाही. ओरडून उपयोग नसतो, ओरडलं की आवाज आणखी उंच होतो. समोर बसून, तिला आपलं तोंड दिसेल असं, सावकाश आणि थोड्या खालच्या आवाजात बोलून पाहा. टीव्ही आधी बंद करा बरं का!

हात. बरणीचं झाकण, औषधाची बाटली, ब्लाउजचे हूक, कुकरची शिट्टी, किल्ली. यातलं कशापाशी आजी थांबते? कोणती वस्तू ती दुसऱ्याच्या हातात देते?

पाय. कोणत्या पायरीशी ती भिंतीला हात लावते? रात्री उठली की दिव्याचं बटण चाचपडत शोधते का? चपलेचा पट्टा सैल आहे का? कोणत्या पायपुसण्यावरून ती जपून जाते?

आठ दिवसांत तुमची वही भरून जाईल. आणि एकदा वही भरली की दुकानात जाऊन “काय घेऊ?” असं म्हणत उभं राहावं लागणार नाही.

दुसरा रविवार : विचारा

“आजी, तुला नाताळला काय हवं?” असं विचारू नका. उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे. “मला म्हातारीला काय हवंय बाळा? तुम्ही सुखी राहा, झालं.” आजी मंडळींनी हे उत्तर पाठच करून ठेवलेलं असतं!

त्याऐवजी जुन्या गोष्टी विचारा. तुझ्या लहानपणी नाताळला काय काय व्हायचं? तुझ्या आईच्या हातचं तुला सर्वांत काय आवडायचं? तुझी मैत्रीण कोण होती, ती आता कुठे असते? अशा प्रश्नांना आजी खरी उत्तरं देते, आणि त्या उत्तरांत भेट लपलेली असते. एका मुलीला असं विचारल्यावर कळलं की आजीची बालपणची मैत्रीण जवळच्याच दुसऱ्या गावात राहते आणि दोघींची भेट होऊन चार वर्षं झाली आहेत. मग भेट काय द्यायची ते वेगळं सांगायला हवं का? बाबांच्या स्कूटरवरून नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून रिक्षा ठरवली. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून दिवसभर बोलत होत्या. त्या मुलीने मला सांगितलं, “बाई, आजी एवढी हसते हे मला माहीतच नव्हतं.”

विचारण्यावरून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते त्या नंतर शिकल्या. टिळक गेल्यावर त्यांचा मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला आणि त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. त्या आठवणींतूनच ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक झालं. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा लक्ष्मीबाईंनी साठी ओलांडली होती. आज नव्वद वर्षांनंतरही लोक ते पुस्तक वाचताना हसतात आणि रडतात. मुलाने विचारलं नसतं तर? कोण जाणे, ते सगळं त्यांच्या मनातच राहून गेलं असतं.

तुमची आजी पुस्तक लिहीलच असं नाही. पण एक दोनशे पानी वही घ्या आणि वर लिहा ‘आजीची वही’. दर रविवारी एक प्रश्न विचारायचा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवायचं. तिचे शब्द शुद्ध करू नका! तिचं गावाकडचं बोलणं तसंच लिहा. तिच्या पदार्थांची कृती लिहिताना मात्र एक युक्ती करा. आजी म्हणते, “मूठभर रवा, चिमूटभर मीठ.” पण मूठ कोणाची? तिची मूठ भरून रवा एका वाटीत ओतायला सांगा आणि किती वाटी झाला ते लिहून ठेवा. पुढे तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा हे माप तुम्हाला कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

तिसरा रविवार : करा किंवा आणा

आता भेट ठरवायची. खाऊचे पैसे थोडे असले तरी घाबरू नका. माझ्या वर्गातल्या मुलांनी शोधलेल्या काही भेटी सांगते.

ओवलेल्या सुया. एका जाड कापडाच्या तुकड्यात दहा सुया टोचायच्या आणि प्रत्येकीत हातभर दोरा ओवून ठेवायचा. पांढरा, काळा, लाल, हिरवा. आजीला गोधडी शिवायची आवड असते, बोटं चालतात, फक्त ओवणं जमत नाही. ही भेट फार तर दहा-वीस रुपयांची. सोबत एक चिठ्ठी ठेवायची : ‘सुया संपल्या की हाक मार.’ म्हणजे ही भेट वर्षभर चालते.

मोठ्या अक्षरांची गीतांची वही. एका मुलाची आजी चर्चमध्ये गीतांचं पुस्तक हातात धरायची, पान उलटायची, पण तिला एक अक्षर दिसत नव्हतं. पाठ होतं तेवढंच म्हणायची. त्या मुलाने तिची आवडती बारा गीतं काळ्या स्केचपेनने पांढऱ्या कागदावर लिहून काढली. एका पानावर फक्त आठ ओळी, अक्षर बोटाच्या पेराएवढं. कागद चकचकीत नको, त्यावर दिवा चमकतो आणि वाचता येत नाही. त्या मुलाचं शुद्धलेखनही सुधारलं, हा माझा फायदा!

जाड मुठीचं कातणं. करंजीची कड कापायचं कातणं असतं ना, त्याचा दांडा बारीक असतो. संधिवात असला की बारीक वस्तू धरताना बोटं जास्त दुखतात, जाड वस्तू धरायला सोपी जाते. एका मुलीने दांड्यावर स्वच्छ सुती नाडी घट्ट गुंडाळून दिली. नाडी खराब झाली की बदलता येते. कातणं, चमचा, सोलाणं, पेन, सगळ्यांना ही युक्ती चालते. त्या वर्षी आजी पाटावर नाही, खुर्चीवर बसल्या, समोर टेबल घेतलं आणि पुरी शंभर करंज्या त्यांनी कातल्या. घरच्यांना वाटत होतं, आजींना आता आराम हवा. आजींना मात्र हवी होती करंजी.

फोनचा पुठ्ठा. वसईतली किती तरी माणसं कामासाठी आखाती देशांत, कुणी कॅनडात. आजी इथे एकटी. एका पुठ्ठ्यावर घरच्यांचे फोटो चिकटवा, शेजारी मोठ्या आकड्यांत नंबर लिहा आणि तो फोनजवळ टांगा. मोबाइलमध्येही फोटो लावून नंबर ठेवता येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं! आणि परदेशातल्या नातवंडांनो, तुमची भेट म्हणजे ठरलेली वेळ. ‘कधी तरी करीन’ असा फोन नको. ‘दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता’ असा हवा. म्हणजे आजी पावणेपाचपासून वाट बघते, आणि त्या वाट बघण्यातही सुख असतं.

नावांचा आल्बम. काही आजींना अलीकडचं आठवत नाही, नावं विसरतात. अशा आजीसमोर उभं राहून “ओळख पाहू मी कोण?” असं कधी विचारू नका. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याचं तिला वाईट वाटतं. सरळ सांगा, “आजी, मी तुझ्या मोठ्या मुलाची मुलगी.” जुने फोटो एका वहीत चिकटवा, प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव लिहा. कालचं जेवण विसरलेली आजी साठ वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो बघून तासभर बोलू शकते.

चौथा रविवार : तपासा आणि बांधा

भेट बांधण्याआधी ती आई-बाबांना दाखवा. कारण काही वस्तू दिसायला छान, पण आजीला त्रासाच्या. गुळगुळीत फरशीवर लोकरीचे मोजे घसरतात, तळव्याला रबराचे ठिपके असलेले घ्यावेत. सैल चप्पल नको, मागे पट्टा असलेली हवी. पलंगाजवळ सुंदर गालिचा नको, त्यात पाय अडकतो. जड काचेचा मग नको, हलका आणि मोठ्या कानाचा बरा. उग्र वासाचं अत्तर काहींना सोसत नाही. मिठाई द्यायची तर साखरेचा आजार आहे का ते आधी विचारा.

आता बांधणी. आपण भेटीला इतकी चिकटपट्टी लावतो की ती उघडायला सुतार बोलवावा लागेल! आजीच्या बोटांचा विचार करा. कापडी रुमालात ठेवा आणि वर एकच सैल गाठ मारा, एक टोक ओढलं की सुटेल अशी. तिची भेट तिला स्वतःला उघडता आली पाहिजे. “थांब, मी उघडून देतो” असं म्हणायची वेळ यायला नको.

आणि आतल्या चिठ्ठीत ‘प्रिय आजीस सप्रेम’ एवढंच लिहून थांबू नका. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. ‘तू सुई खिडकीपाशी नेतेस हे मी पाहिलं, म्हणून.’ आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे, हे आजीला त्या एका ओळीत कळतं.

आता पाचव्या प्रश्नाचं सांगायचं राहिलं. मध्यरात्रीचा मिस्सा. चौथीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘तीन वर्षं झाली. आजीला आता जायला आवडत नाही.’ मी म्हटलं, “आवडत नाही, असं तिने सांगितलं का?” मुलगी विचारात पडली. घरी जाऊन तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, “आवडत नाही कसं? पण अंधारात पायरी दिसत नाही. मैदानात दव पडतं, थंडी वाजते. तेवढा वेळ उभं राहवत नाही. मधेच उठावं लागलं तर सगळ्यांना त्रास. म्हणून मी आपली घरीच प्रार्थना करते.”

बघा हं, चार अडचणी. आणि एकही अशी नाही की जी सुटणार नाही! पायरीसाठी टॉर्च आणि नातीचा हात. उभं राहण्यासाठी रांगेच्या टोकाला एक खुर्ची, म्हणजे मधेच उठलं तरी कोणाला ओलांडायला नको. जाण्या-येण्यासाठी काकांची रिक्षा. आणि थंडीसाठी? कपाटातल्या पिशवीतून एक शाल बाहेर निघाली! म्हणजे शाल वाईट नव्हतीच. ती अंगावर घेऊन जायला आजीला ठिकाण हवं होतं.

त्या मुलीची भेट म्हणजे एक कागद होता. त्यावर तिने लिहिलं होतं : ‘२४ तारखेला रात्री मी तुला न्यायला येईन. मी दुपारी झोपून घेणार आहे, म्हणजे मला झोप येणार नाही.’ सुट्टीनंतर मी तिला विचारलं, “मग, झोप आली का?” ती म्हणाली, “मला आली बाई. आजीला नाही आली.”

ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांनी काय करायचं? आपल्या गल्लीत, चाळीत, वाडीत एखाद्या तरी आजी असतातच. ज्यांची मुलं दूर आहेत अशा. त्यांच्यासाठी हाच गृहपाठ करा. आणि ज्यांच्याकडे नाताळ नसतो त्यांनी मित्राच्या आजीला भेटायला जा. करंजी मिळेलच, पण पाच मिनिटं आजींपाशी बसा आणि त्यांच्या लहानपणचा नाताळ विचारा. मग घरी जाऊन आपल्या आजीला तिच्या लहानपणची दिवाळी विचारा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांच्या वहीत काही गोष्टी अशा निघतील की ज्या मुलांच्या भेटीने सुटणाऱ्या नाहीत. ‘आजी टीव्ही फार मोठा लावते’, ‘आजी दिव्याभोवती कडं दिसतं म्हणते’, ‘आजी महिन्यात दोनदा घसरली’ असं मुलाने लिहिलं असेल, तर त्याला हसून सोडून देऊ नका. कानाची तपासणी, मोतीबिंदूची तपासणी, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी, रात्री जळता राहणारा छोटा दिवा, या मोठ्यांनी द्यायच्या भेटी आहेत. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून हाताशी हलकं, सहज उघडणारं पाण्याचं भांडं ठेवावं. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यांना गरम पाण्याची पिशवी देताना जपावं, भाजलेलं कळत नाही. आणि एक विनंती. आजी काम करायला बसली की “राहू द्या” म्हणण्याआधी क्षणभर थांबा. तिला ते काम सोपं करून देता येईल का, ते बघा.

तर मुलांनो, गृहपाठ लक्षात आला ना? पहिल्या रविवारी बघा, दुसऱ्या रविवारी विचारा, तिसऱ्या रविवारी करा, चौथ्या रविवारी बांधा. वहीतली चार पानं भरली की मला पत्र पाठवून कळवा. भेट केवढ्याची होती ते लिहू नका. आजीबद्दल तुम्हाला आधी माहीत नव्हती अशी एक गोष्ट लिहा. मी सगळी पत्रं वाचणार आहे. आणि हो, फळ्यावरचे पाच प्रश्न नव्या वर्षात पुन्हा विचारणार आहे, तेव्हा तयारीत राहा!

नाताळच्या सर्वांना शुभेच्छा.

तुमच्या,
बाई